तीन ऑगस्ट

निजामपुऱ्यातल्या टायपिंगच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू झाला, की आधी तारीख विचारायचा आणि सांगाल ती खरी मानायचा. केसरीनाथला लेकीनं, चंपानं, तेवढंच एक शिकवलं होतं. पाऊस सरला, भात कापून झालं, थंडी पडली, तरी तो एका बोटानं रोज तीन ऑगस्टच टाकायचा.

“बाबा, गिऱ्हाईक कागदावरची तारीख बघून हसतान. डिसेंबर लागला,” मुलगा यादव एकदा म्हणाला.

“तीन तारखेला चंपा बरी हाय रं. ताप उतरलाय, पेज मागते.”

चार ऑगस्टच्या पहाटे ती गेली होती.

पुढच्या आठवड्यात यादवनं नवा, रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर आणला. तो सुरू झाला, तसा केसरीनाथ बोट पुढं करून वाट बघत बसला.

“यो न्हाय इचारीत, बाबा. याला तारीख सोताच म्हाईत असते.” यादवनं माउस कोपऱ्यातल्या घड्याळावर नेला. तिथं बारा डिसेंबर उमटलं.

केसरीनाथचं बोट तसंच अधांतरी राहिलं.

“मंग माजी चंपा आता कंच्या दिवसात ऱ्हाईल रं?”