दुधाच्या दातांची वाटणी

टोरुन आणि आयविंद वेगळे होत होते. बर्गनच्या घरातला सोफा, डोंगरातल्या केबिनची किल्ली, अगदी वॉफल्सचा साचासुद्धा न भांडता वाटला गेला. अडलं ते चांदीच्या एका इवल्याशा डबीपाशी. तिच्यात त्यांच्या सात वर्षांच्या मुलीचे, इडूनचे, दुधाचे दात होते.

"डबी माझ्याकडेच राहणार. एकेक दात मी धुऊन, पुसून ठेवलाय," टोरुन म्हणाली.

"आणि ती झोपल्यावर पाण्याच्या ग्लासातला दात काढून तिथे दातपरीच्या नावाने नाणं कोण टाकायचं? तू तर घोरत असायचीस!" आयविंद म्हणाला.

"हो का! मग तिचा पहिला दात कुठला पडला, सांग बरं!"

आयविंदने डबी ओढली, टोरुनने सोडली नाही. इडून आपल्या खोलीत खेळतेय, तिला कुठलं ऐकू जातंय, असं दोघंही धरून चालले होते.

तेवढ्यात ती दारात आली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. तिने बाबापुढे मूठ उघडली.

"डबी आईला राहू दे. हा तुला घे."

दोघांचेही हात डबीवरून सुटले.



"अजून नीट हलत नव्हता," इडून म्हणाली, "पण मी ओढून काढला."