प्रेमिलाबाईंचं कार्ड

"हे बंद करा बाई," असं म्हणत त्या गृहस्थांनी एक पोस्टकार्ड काउंटरवर ठेवलं.

शामलाने ते उलटून पाहिलं. ती कामाला होती त्या साडीच्या दुकानाचं ते नव्हतंच. दोन दुकानं सोडून पलीकडच्या भांडीवाल्याचं होतं. सौ. प्रेमिला डहाके, महाल, यांना दिवाळीच्या शुभेच्छा आणि स्टीलच्या डब्यांवर सूट.

"मी रुपराव डहाके. प्रेमिलेचा नवरा," गृहस्थ म्हणाले. "भांडीवाल्यानं मले इकडं पाठवलं. म्हणे, नाव तुमच्या कार्डाच्या पेटीतून आलं."

ते खरंच होतं. सीताबर्डीच्या त्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बाईचं एक कार्ड व्हायचं. पत्ता काय, कोणता रंग आवडला, काय घेतलं, काय नुसतंच हाताळून ठेवलं, घरात लग्न कधी निघणार आहे, सगळं शामला बारीक अक्षरात टिपून ठेवी. तिला चेहरे लक्षात राहत नसत, कार्डं राहत. बाई पुढच्या खेपेला आली की मालक ओमप्रकाश तिला नावानं बोलावत आणि गेल्या वेळी तिच्या मनात राहिलेली साडीच पुढ्यात उलगडत. बायका खूश होत. पण तीच नावं मालकांनी गेल्या साली आपल्या भांडीवाल्या मेव्हण्यालाही उतरवून दिली, ते कोणी बायकांना विचारलं नव्हतं. एका वकिलीणबाईंनी त्यावरून भर दुकानात मालकांना फैलावर घेतलं, तेव्हा भिंतीवर पाटी लागली: 'आपले कार्ड नको असल्यास सांगावे. आपल्यादेखत फाडण्यात येईल.'

पाटीवर न लिहिलेला एक नियमही होता. जिचं कार्ड, तिनंच यायचं.

"त्यांले सोताले यावं लागते भाऊ," शामला म्हणाली.

रुपरावांनी पोस्टकार्ड परत हातात घेतलं. पांढरा इस्त्रीचा सदरा, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. मग हळूच म्हणाले, "कुठून येईन ती? गेली."

शामलाचा हात पेटीवरच थांबला.

"कधी?"

"सात महिने झाले. मी रातपाळी करून सकाळी घरी आलो, तं गेली होती. पोरीलेही घेऊन गेली संग."

"अगं बाई! असं कसं झालं?"

"मलेच कोणी सांगत नाही," रुपराव म्हणाले. "घरात पाय टाकवत नाही बाई. त्यात हे असं तिच्या नावाचं टपाल येते."

शामलाला पुढचं काही विचारवलं नाही. तिचे वडील वारल्यावर चष्म्याच्या दुकानाचं पत्र त्यांच्या नावानं दोन वर्षं येत राहिलं होतं. ते आलं की आई त्या दिवशी जेवत नसे. नियम करणाऱ्याच्या घरी असं टपाल कधी आलं नसणार, असं तिच्या मनात आलं.

तिने पेटी पुढे ओढली. 'प्रेमिला डहाके' नावाची दोन कार्डं निघाली.

"नीट पाहून फाडा," रुपराव म्हणाले. "भलत्याच बाईचं फाडून बसाल."

"एक धरमपेठेचं आहे," शामला वाचू लागली. "आणि हे महालातलं. पण महाल खोडून वरती नवा पत्ता लिहिला आहे. खापा, नदीकडचा रस्ता, धोंडबा लिखार यांच्या घरी."

रुपराव मान खाली घालून ऐकत होते.

"शेवटी तिथं होत्या काय?" तिने विचारलं.

"तसंच समजा," ते म्हणाले. "धोंडबा तिचा मामा. हेच कार्ड. फाडा."

शामलाने कार्डाचे आठ तुकडे केले. रुपरावांनी शेवटचा तुकडा टोपलीत पडेपर्यंत पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "लय उपकार झाले बाई."

ओमप्रकाशजींनी गादीवरूनच चहा घ्यायला सांगितलं, पण रुपरावांना घाई होती.

"कार्ड क्यूं फाडा?" ते गेल्यावर मालकांनी विचारलं. शामलाने सगळं सांगितलं. मालक हळहळले. "मायलेकी, दोनो? अच्छा किया, शामलाबाई."

शामलाला त्या दिवशी डबा गोड लागला. इतकी वर्षं ती नुसती लिहीत आली होती. कोणाच्या दुःखावर आपल्या हातानं फुंकर घातली, असं आज पहिल्यांदाच घडलं होतं. घरी गेल्यावर आईला हे सांगायचं, असं तिने ठरवलं.

अडीचच्या सुमाराला गिऱ्हाईक पांगलं होतं. एक किडकिडीत बाई पायरी चढून आली. साड्यांकडे तिने पाहिलंही नाही. भिंतीवरची पाटी ओठ हलवत दोनदा वाचली, मग काउंटरशी आली.

"कार्ड खरंच फाडून देता काय वं ताई?"

"देतो नं. काहून, काही चुकलं काय आमचं?"

"तुमचं नाही, माझंच चुकलं. मागं आली तं तुम्ही पत्ता विचारला, अन् मी सवयीनं सांगून बसली. तेव्हापासून झोप नाही मले. कोणाच्या हाती लागला तं?"

"आमच्या इथलं कार्ड कोणाच्या हाती जात नाही," शामला म्हणाली आणि पेटीचं झाकण उघडलं. "नाव सांगा."

"प्रेमिला डहाके. जरा लवकर पाहा वं, चारच्या बसनं खाप्याले वापस जायचं आहे. पोरगी घरी एकटीच आहे."