काकांच्या पसंतीचं घर

"हे पडदे सुती आहेत," पाचव्या शुश्रूषागृहाच्या स्वागतकक्षात पडद्याची कड चिमटीत धरून काका म्हणाले, आणि पुतणीचा जीव भांड्यात पडला.

पहिलं शुश्रूषागृह पडद्यांवरूनच बाद झालं होतं. दुसऱ्यात नर्सने काकांना 'आजोबा' म्हटलं. तिसऱ्यात शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ रेडिओशी भांडत होते. चौथ्यात काही केल्या खोट सापडेना, तेव्हा काकांनी खिडकीबाहेरच्या झाडाला नावं ठेवली. "वाकडं आहे. रोज सकाळी डोळे उघडून वाकडं झाड कोण बघणार?"

उभा जन्म काकांनी कापडाच्या दुकानात काउंटरमागे काढला होता. सगळी ठाणं उलगडायला लावायची, प्रत्येकाचा पोत चाचपायचा आणि 'माल उत्तम आहे, पुन्हा येतो' म्हणून चालू पडायचं, अशी गिऱ्हाइकं त्यांनी पोत्याने पाहिली होती. आता काउंटरच्या अलीकडे उभं राहायला मिळाल्यावर त्यांच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता.

पुतणीच्या अंगात मात्र घाई होती. काकांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ते तिच्या हॉलमधल्या दिवाणावर मुक्कामाला होते. त्यांचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. "रीतसर व्यायाम झाला नाही, तर जिना विसरा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इकडे तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या छापखान्याने व्यवस्थापक म्हणून बोलावलं होतं. सोमवार ही शेवटची मुदत. काकांची सोय लागल्याशिवाय ती हलणार नव्हती, आणि काका "तू जा गं, माझं मी बघतो" म्हणून तिचा पाय आणखी अडकवत होते.

या सगळ्या संस्थांची एक रीत होती. दाखल होण्याआधी एक दिवस पाहुणे म्हणून या. जेवा, झोपा, व्यायाम करा, मग ठरवा. काकांनी एकाही संस्थेचा आग्रह मोडला नव्हता.

आज तर ते सकाळपासूनच फुरफुरत होते. व्यवस्थापिका बाईंनी जेवणघराकडे हात केला, तर म्हणाले, "जेवण पळून जात नाही. तुमच्याकडे तो सरावाचा जिना आहे ना? तो दाखवा आधी."

"काका, निदान खोली तरी बघा!" पुतणी म्हणाली.

"खोली काय, चार भिंतीच असणार."

व्यायाम करून घेणारा तरुण आडवातिडवा होता. काकांनी त्याचं तिथल्या तिथे 'पैलवान' असं बारसं केलं. पैलवानाने त्यांची चार पायांची जड काठी बाजूला ठेवली आणि एक हलकी, साधी काठी हातात दिली. "ही वापरून बघा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा."

"चढताना चांगला, उतरताना दुखरा," काका शाळेतल्या पोरासारखे घोकू लागले. वर गेले. खाली आले. पुन्हा वर गेले. पैलवान दमला, काका नाही.

"तोल झकास आहे की तुमचा! आधी कुठे शिकलात?"

"दुकानात. वरच्या फळीवरची ठाणं काय आपोआप खाली येतात?"

पुतणी दारातून बघत होती. गेले काही आठवडे रोज दुपारी हॉलमधून धपधप आवाज यायचा, आणि स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल सतत दिवाणापाशी सापडायचं. कंटाळलेत बिचारे, असं वाटून तिला भरून यायचं. आज मात्र त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद होता.

जेवण झालं, वामकुक्षी झाली, जिना पुन्हा एकदा झाला. मग काका खुर्चीत टेकले, रुमालाने कपाळ टिपलं आणि व्यवस्थापिका बाईंना म्हणाले, "बाई, खरं सांगू? मला जे हवं होतं, ते इथे मिळालं."

पुतणीने बाईंना मिठीच मारायची बाकी ठेवली.

"मग संध्याकाळी सामान घेऊनच या!" बाई खुलल्या. "काठी राहू द्या तुमच्याकडेच."

"सामान घरी आहे," काका म्हणाले. "चल गं चिमे, आधी घरी ने मला."

चिमीने गाडी अशी हाकली, की सिग्नलसुद्धा तिला बघून हिरवे होत असावेत. काकांच्या इमारतीपाशी थांबताच ती म्हणाली, "तुम्ही बसून राहा. काय आणायचं ते सांगा, मी वर जाऊन आणते."

"आधी डिकीतली रिकामी बॅग तर काढ."

डिकी नेहमीप्रमाणे अडून बसली. तिच्याशी झटापट करता करताच चिमीने छापखान्यात फोन लावला. "सोमवारी येतेय! हो हो, नक्की! काकांची सोय लागली एकदाची!" पलीकडून अभिनंदन झालं, इकडे डिकी उघडली. बॅग ओढून काढत ती हसत हसत पुढे आली.

गाडीचं दार सताड उघडं होतं. सीटवर काठी होती. काका नव्हते.

"काका!" तिने रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. "काका!"

वर कुठेतरी गंजलेली खिडकी करकरली. तिसऱ्या मजल्यावरून लालबुंद, घामाघूम आणि कमालीचा खूश असा एक चेहरा बाहेर आला.

"ओरडतेस काय? चहाचं आधण ठेवतोय, येताना दूध घेऊन ये! आणि ती काठी पैलवानाला परत देऊन टाक. म्हणावं, माल उत्तम आहे, पुन्हा येतो!"