घोडीवाला मागं बघतो

उद्या सकाळी नऊला चित्राच्या उद्घाटनाला तालुक्याचे साहेब येणार, आणि शाळेच्या भिंतीवरच्या घोडीवाल्याला अजून तोंड नव्हतं. सरपंच सावळेरामांच्या पायाला भिंगरी लागली होती. दर पाच मिनिटांनी यायचे, भिंत बघायचे, कपाळाला हात लावून जायचे.

ठरलं होतं वेगळंच. गेल्या साली कारगिलला कामी आलेला गावचा भरत काढायचा. अंगात वर्दी, हातात बंदूक, मागं बर्फ. पण रंगवायला बसला भरतचाच थोरला भाऊ भिमाजी, ओझरला दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्यानं भिंतभर गाव काढलं, तेही लढाईच्या आधीचं. भरतच्या नावाची कमान नाही, स्टँडवरची पाटी नाही. मधोमध यात्रेतला बैलगाडा शर्यतीचा घाट, उधळलेले बैल, त्यांच्यापुढं भरधाव घोडी आणि घोडीवर बनियनवरचा पाठमोरा भरत. तो गेल्यापासून त्या घाटात एक गाडा पळाला नव्हता.

"बंदूक राहू दे भाऊ," सावळेराम शेवटी काकुळतीला आले. "पण माणूस वळखू तर येऊ दे."

भिमाजी धुतलेलाच ब्रश परत धूत बसला.

तेवढ्यात त्याची आई, कुशाबाई, चहाची किटली घेऊन आली. तिला चित्रात आपलं घर सापडलं, दारातला आंबा सापडला. घोडीपाशी मात्र तिच्या कपाळाला आठी पडली.

"चुकलास भिमा. घोडीवाला कधी पुढं बघतो व्हय? बैल आलं का न्हाई, ते मागं वळून बघतो."

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरपंचांनी लगबगीनं खिशातला भरतचा वर्दीतला फोटो पुढं केला. भिमाजीनं तो घेतला नाही. त्याच फोटोवरून त्यानं भरतला कमानीवर काढला होता, स्टँडवर काढला होता, ग्रामपंचायतीत काढला होता. तिन्हीकडं ओठ मिटलेला, नाकासमोर बघणारा.

"आये, डोळं मिटलं की ह्यो फोटोच येतो," तो म्हणाला. "त्याचं खरं तोंड मला आठवत न्हाई." आणि भर शाळेसमोर तो रडायला लागला.

आता कुशाबाई रागावणार, असं सरपंचांना वाटलं. पण तिनं रंगाचा रिकामा डबा पालथा घातला, त्यावर बसली, डोक्यावरचा पदर सारला आणि मान वळवून खांद्यावरनं मागं बघितलं.

"माझ्यावर गेलता तो. काढ माझं बघून."

भिमाजीनं बाहीला डोळे पुसले, ब्रश बुडवला. दोन रेघा मारून परत थांबला.

"आये, बैल जवळ आलं की हसायचा तो."

वर्षभर त्या घरात कुणी हसलं नव्हतं. कुशाबाईनं करून बघितलं, जमलं नाही. दुसऱ्यांदा नुसतेच ओठ थरथरले. सरपंचांनी तोंड फिरवलं.

तिसऱ्यांदा तिला जमलं.