किल्ली कोणाकडे?

अंगणात पिकअपखाली पाठीवर पडून लेकीने गिअरबॉक्सवरचा बिघडलेला स्विच काढला आणि चाचणीपुरत्या वायरी एकमेकींना जोडल्या. गिअरात असताना गाडी सुरू होऊ न देणारा तो राखणदार आता जागेवर नव्हता. किल्ली तिच्या मुठीत होती. मेकॅनिक बापाची शिकवणच तशी, गाडीखाली जो शिरेल, किल्ली त्याच्याकडे. दुसरी किल्ली बापाच्या खिशात असते, हे ती विसरली. हल्ली सगळंच विसरणारा बाप सीटवर चढून पुटपुटला, "गिऱ्हाईक खोळंबलंय." किल्ली आत सरकली. "बाबा, मी खाली आहे!" "कोण मी?" "तुमची लेक!" "मला कुठली लेक?" गिअर खटकन बदलला. "उस्ताद," ती गॅरेजातल्या पोरांसारखी ओरडली, "गाडीखाली माणूस असला तर किल्ली कोणाकडे?" मग उघड्या दारातून किल्ली धरलेला हात खाली आला. "धर, पोरी. बापाने एवढंही शिकवलं नाही तुला?"