खोली नंबर चौदाची ओढणी

चौथी मुलगीही तीच मोहरी रंगाची, कोपऱ्याला लाल दोऱ्याने रफू केलेली ओढणी घेऊन मुलाखतीला आली, तेव्हा कुमुदिनीताईंना हसू आवरेना. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी प्रतिष्ठानकडे यंदा एकच शिष्यवृत्ती उरली होती.

"ओढणी कुणाची गं?"

मुलगी कावरीबावरी झाली. "खोली नंबर चौदाची, मॅडम. चौघींत चांगली अशी एकच आहे. जी बाहेर येते, ती पुढचीला देते."

"शिष्यवृत्तीही एकच आहे. कुणाला देऊ?"

"कुणालाही द्या. एकीची फी सुटली, की तिच्या घरून आलेले पैसे बाकीच्या तिघींत वाटू."

तीस वर्षांपूर्वी ताईही मुलाखतीला इथेच बसल्या होत्या, हेमा, शकू आणि त्या अशा खोलीतल्या तिघींच्या सामाईक निळ्या साडीत. मुलगी बाहेर जाताच त्यांनी फोन लावला.

"हेमे, आपली निळी साडी आठवते? अगं, तिला लेक झालीय, मोहरी रंगाची! एक मुलगी प्रतिष्ठान घेतंय, तिघी उरल्यात. एक माझी, एक तुझी. आणि शकूला म्हणावं, त्या साडीवर सांडलेल्या वरणाची भरपाई कर आता!"