नारळावरचा हात

नागेशच्या जुन्या पिकअपमधला एअरबॅगचा लाल दिवा विझायचे नाव घेत नव्हता. धडक झाली तर ती पिशवी फुगणार नाही, असे मेकॅनिकने स्पष्ट बजावले होते. नागेशने दुरुस्तीऐवजी तो दिवाच काढून टाकला, आणि गाडी विकताना तो दलालाच्या आग्रहाखातर गावदेवासमोर नारळावर हात ठेवून म्हणाला, "ह्या गाडीत एकबी लाल दिवा लागत न्हाई." शपथ खोटी नव्हती, तरी त्या नारळाचा खरखरीतपणा कित्येक दिवस त्याच्या तळहातावरून गेला नाही.

आज बाळंतपण आटोपून त्याची लेक राजेश्वरी सासरी निघाली होती. जावई संदीप मित्राची पिकअप घेऊन आला. रंग नवा होता. मात्र मागच्या फाळक्यावर गव्याच्या धडकेने पडलेला पोचा नागेशच्या ओळखीचा होता. तोवर राजेश्वरी बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसलीही होती.

"जावयबापू, आज ऱ्हाऊ द्या," नागेश गाडीच्या दाराला हात लावत म्हणाला. "मी तिला बसनं धाडतो."

"तान्ह्या पोराला घिऊन बसमधी? काय मामा!"

"ह्या गाडीचा भरवसा न्हाई. वाट समदी घाटाची हाय."

"तुमास्नी काय ठावं ह्या गाडीतलं?"

खरे सांगितले तरच गाडी थांबणार होती. नागेशने ओठ उघडले. संदीपने हसत किल्ली फिरवली.


"भिऊ नगासा मामा, विकणाऱ्यानं देवाम्होरं नारळावर हात ठेवलाय. देवाला कोण फशिवतंय?"